क्लीन पॅच गायब, कोरस पॅच अंगावर: डिजिटल गिटार अँप आणि मिक्सरमधल्या लेव्हलचं एक प्रकरण

हा ऑर्केस्ट्रा सोलापुरातला. लग्नाचे रिसेप्शन, गणपती, कॉलेजचं गॅदरिंग, एखाद्या सोसायटीचा वर्धापनदिन अशी कामं घेणारा. गाण्यांची यादी चार भाषांत असते, कारण इथे ती तशीच लागते. पूर्वभागात कार्यक्रम असला की तेलुगू गाण्यांची फर्माईश येणार, अक्कलकोट रोडकडे गेलात की कन्नड, आणि हिंदी-मराठी तर सगळीकडेच. गिटारवादक तिशीच्या आतला. आधी त्याच्याकडे छोटा ट्रान्झिस्टर अँप होता आणि साउंडवाले अण्णा त्याच्यापुढे माइक लावायचे. माइकमधून जे येईल ते येईल, पण तक्रार नव्हती. मग त्याने डिजिटल मॉडेलिंग अँप घेतला. एकाच डब्यात वेगवेगळ्या अँपचे आवाज, कोरस (सुराला त्याच्याच डुलत्या नकलेची जोड), डिले (मागून येणारा पडसाद), रिव्हर्ब (खोलीत घुमल्यासारखा आवाज), आणि पायाने पॅच, म्हणजे आधी जुळवून ठेवलेला आवाज, बदलायची सोय. आता माइक नको, थेट केबलने मिक्सरला जोडू, असं ठरलं आणि तिथून भांडण सुरू झालं.

मला बोलावलं तेव्हा तक्रार अशी मांडली गेली: अँपची आउटपुट लेव्हल आणि मिक्सरची लेव्हल जुळत नाही. क्लीन पॅचवर गिटार लांबून, विहिरीतून आल्यासारखी वाटते. गेन, म्हणजे मिक्सरमध्ये शिरतानाच सिग्नल मोठा करणारा नॉब, चढवला की सूं असा आवाज वाढतो, गिटार नाही. आणि त्याच गेनवर कोरसचा पॅच लावला की लाल दिवा पेटतो, आवाज फाटतो, पुढच्या रांगेतले लोक कानावर हात ठेवतात. सोलोच्या पॅचवर तर और प्रकार होता. वाजवलेला सूर ऐकूच येत नाही, त्याचा डिले मात्र डावी-उजवीकडून ठणठणीत येतो.

अण्णांचं म्हणणं, "पोरानं पॅच नीट बनवले नाहीत. एक एवढा हळू, एक एवढा मोठा, मी किती वेळा आवाजाचा फेडर खालीवर करायचा?" गिटारवादकाचं म्हणणं, "घरी हेडफोनवर सगळे पॅच सारखे येतात ओ. अण्णांच्या मिक्सरचा चॅनल गेलाय." दोघांकडेही पुरावा होता. अण्णांनी त्याच चॅनलला गायकाचा माइक लावून दाखवला, चॅनल ठणठणीत. गिटारवादकाने माझ्या कानाला हेडफोन लावला, पॅच खरोखरच बऱ्यापैकी सारखे. केबल बदलून झाली होती. बाजारातून नवीकोरी, जाड, चांगली केबल आणली तरी फरक शून्य.

इथे मला महत्त्वाची वाटली ती एकच गोष्ट. लेव्हल कमी असती तर सगळे पॅच सारखेच कमी आले असते. लेव्हल जास्त असती तर सगळेच फाटले असते. इथे एक पॅच गायब आणि दुसरा अंगावर, आणि हेडफोनवर मात्र दोन्ही सारखे. म्हणजे पॅचमधला फरक अँपच्या आत नव्हता, तो वाटेत कुठेतरी तयार होत होता. आणि वाटेत तर फक्त एक केबल होती.

सराव चालायचा अशोक चौकाच्या बाजूला, यंत्रमागाच्या शेडवरच्या खोलीत. खाली माग चालू असले की वरची फरशी थरथरते, त्यामुळे सूं आवाज नेमका कुठून येतो ते कळायला माग बंद व्हायची वाट बघावी लागली. शांत झाल्यावर अँप फिरवून मागची बाजू बघितली. दोन जॅक होते. एकावर हेडफोनचं चित्र आणि ‘रेकॉर्डिंग’ असं लिहिलेलं, दुसऱ्यावर ‘लाइन आउट’. केबल पहिल्यात होती. का, तर ती पिन घातली की अँपचा स्वतःचा स्पीकर बंद होतो, आणि स्टेजवर आवाज कमी राहतो म्हणून गायक खूश. कारण चुकीचं नव्हतं.

केबल काढून पिन हातात घेतली. पिनेवर दोन काळ्या पट्ट्या. म्हणजे टोक, मधलं कडं आणि बुडाची नळी असे तीन भाग: टीआरएस पिन. दुसऱ्या टोकालाही तशीच, आणि ती मिक्सरच्या बॅलन्स्ड इनपुटमध्ये. सगळं घोडं इथे पेंड खात होतं.

हेडफोनच्या जॅकमध्ये टोकावर डावा आवाज असतो, कड्यावर उजवा, आणि नळी दोघांची सामाईक जमीन (ग्राउंड). मिक्सरच्या बॅलन्स्ड इनपुटला मात्र डावं-उजवं असं काही माहीत नसतं. तो टोकावरचा सिग्नल घेतो आणि त्यातून कड्यावरचा वजा करतो. ही वजाबाकी मुद्दाम असते. बॅलन्स्ड केबलमध्ये दोन्ही तारांवर बाहेरून सारखीच घरघर घुसते, वजाबाकीत ती जाते, आणि उलट्या खुणेने पाठवलेला खरा सिग्नल शिल्लक राहतो. लांबच्या केबलवर हम, म्हणजे विजेची घुमणारी घरघर, येत नाही ती याच युक्तीमुळे. पण त्याच इनपुटला स्टिरिओ हेडफोनची जोडी दिली तर काय होईल? डावीकडे आणि उजवीकडे जे सारखं आहे ते सगळं उडेल. आणि गिटारचा मूळ आवाज दोन्हीकडे सारखाच असतो, मधोमध. म्हणजे मिक्सरने नेमकी गिटारच वजा केली.

आता एकेका पॅचचं वागणं तपासून बघा, सगळं जुळतं. क्लीन पॅचमध्ये तार मधोमध आहे, ती गेली, आणि स्टिरिओ रिव्हर्बचा दोन बाजूंतला फरक तेवढा उरला, म्हणून ‘विहिरीतून’. सोलोच्या पॅचमध्ये डिले एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे टोलवला होता. मूळ सूर कापला गेला, डिले शिल्लक राहिला. कोरसची गोष्ट जास्त मजेशीर. स्टिरिओ कोरस बनवायची एक जुनी पद्धत अशी की डाव्या बाजूला मूळ आवाजात डुलता आवाज मिळवायचा आणि उजव्या बाजूला तोच डुलता आवाज मूळ आवाजातून वजा करायचा. मिक्सरने डाव्यातून उजवा वजा केला की मूळ आवाज जातो आणि डुलता आवाज दुप्पट होतो, म्हणजे 6 डीबी (डेसिबल) वर. क्लीन पॅच कसाबसा ऐकू यावा म्हणून गेन शेवटपर्यंत चढवलेला, त्यावर हे दुप्पट आलं तर लाल दिवा पेटणारच.

नवी केबल आणूनही फरक का पडला नाही, तेही यातच आलं. केबल जेवढी चांगली तेवढी वजाबाकी चोख.

पडताळा घेतल्याशिवाय अण्णा ऐकणार नव्हते, आणि त्यांचं बरोबरच होतं. एका टोकाला स्टिरिओ पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन साध्या मोनो पिना अशी वाय केबल त्यांच्याच पेटीत सापडली. हेडफोनचा जॅक ते दोन वेगळे चॅनल. जोडण्याआधी दोन्ही चॅनलचे गेन आणि फेडर पूर्ण खाली. हे सांगायला हवं, कारण जुन्या चॅनलचा गेन शेवटच्या टोकाला होता आणि तिथे पूर्ण सिग्नल आला असता तर स्पीकरच्या ट्विटरचं (तार स्वरांच्या छोट्या स्पीकरचं) काही खरं नव्हतं. मग गेन हळूहळू वर. क्लीन पॅचवर पहिली तार छेडली आणि खोलीत गिटार आली. अण्णा म्हणाले, "एवढंच होय?" गिटारवादकाने लगेच फुशारकी मारली की चॅनल नाही तर मिक्सरच गेला असं त्याला वाटलं होतं. त्यावर अण्णांनी त्याच्याकडे जे बघितलं ते लिहिण्यासारखं नाही.

काहींना यावर सोपा उपाय सुचतो: हेडफोनच्या जॅकमध्ये साधी मोनो पिन खुपसायची. आवाज येतो, पण मोनो पिनेची नळी कड्याला जमिनीशी जोडते, म्हणजे हेडफोन अँपची उजवी बाजू शॉर्ट होते. बऱ्याच यंत्रांत आत रेझिस्टर असतो म्हणून लगेच काही होत नाही. सगळ्यांत असतोच असं नाही. तो जुगार नको.

वाय केबलवर काम भागत होतं, पण तिथेच थांबणं मला पटलं नाही. हेडफोनचा जॅक मास्टर व्हॉल्यूमच्या नंतर आहे. गिटारवादकाने स्वतःसाठी नॉब थोडा फिरवला की हॉलमधला आवाज बदलणार. शिवाय अण्णांच्या मिक्सरवर फँटम पॉवरचं (माइकच्या केबलमधूनच माइकला वीज देण्याचं) बटण सगळ्या चॅनलना मिळून एकच आहे, आणि ढोलकीवरच्या कंडेन्सर माइकसाठी ते नेहमी चालू असतं. हॉलमध्ये मिक्सर मागे असतो, तिथे केबल मल्टीच्या (अनेक चॅनल एकत्र नेणाऱ्या जाड केबलच्या) एक्सएलआरमधून, म्हणजे माइकच्या तीन पिनांच्या सॉकेटमधून, जाते. म्हणजे 48 व्होल्ट थेट हेडफोनच्या जॅकच्या दिशेने परत जाणार. ती सॉकेट त्यासाठी बनवलेली नाही.

मग लाइन आउट. या अँपवर लाइन आउट मास्टर व्हॉल्यूमच्या आधी काढलेलं आहे, हे नॉब फिरवून तपासलं: मास्टर शून्यावर नेला तरी मिक्सरच्या मीटरवर काटा तसाच. स्टेजवर आवाज कमी ठेवणं हीच गिटारवादकाची मूळ अडचण होती आणि तिचं उत्तर त्याच्याच अँपच्या पाठीवर होतं. मास्टर कमी ठेवला की स्टेजवरचा स्पीकर हळू, आणि हॉलकडे जाणारी लेव्हल कायम. सगळ्या अँपवर असं नसतं. काहींवर लाइन आउट मास्टरच्या नंतर असतं, काहींवर मेन्यूमध्ये इन्स्ट्रुमेंट की लाइन, माइक की लाइन असा पर्याय असतो. लाइन लेव्हल माइकच्या इनपुटमध्ये गेली तर गेन शून्यावर असूनही फाटते, आणि माइक लेव्हल लाइनच्या इनपुटमध्ये गेली तर सूं आवाजाशिवाय काही येत नाही. आपल्या अँपवर काय आहे ते नॉब फिरवून, मीटर बघून ठरवावं. माहितीपत्रक कुणी जपून ठेवलेलं नसतं.

आता आकडे. व्यावसायिक उपकरणांची लाइन लेव्हल +4 डीबीयू धरतात, म्हणजे 1.23 व्होल्ट. घरगुती आणि संगीताच्या बऱ्याच उपकरणांची −10 डीबीव्ही, म्हणजे 0.316 व्होल्ट. दोन आकडे ऐकून वाटतं की फरक 14 डीबीचा असेल, पण मोजायचं माप वेगवेगळं आहे: डीबीयूचा शून्य 0.775 व्होल्टवर, डीबीव्हीचा 1 व्होल्टवर. प्रत्यक्षात फरक सुमारे 12 डीबी. या अँपचं लाइन आउट खालच्या वर्गातलं. सरावाच्या खोलीत मिक्सर शेजारीच असतो, तिथे लाइन आउटपासून चॅनलच्या लाइन इनपुटपर्यंत साधी मोनो केबल आणि 12 डीबीच्या आसपास गेन, विषय संपला.

हॉलमध्ये तसं चालत नाही. स्टेजपासून मिक्सरपर्यंत लांबलचक मल्टी असते, आणि अनबॅलन्स्ड सिग्नल एवढा लांब नेला की वाटेतली सगळी घरघर गोळा करतो. म्हणून अँपच्या शेजारी पॅसिव्ह डीआय बॉक्स, म्हणजे विजेशिवाय चालणारा, ट्रान्सफॉर्मर असलेला छोटा डबा. तो आत शिरलेली लेव्हल साधारण 20 डीबीने उतरवतो आणि बॅलन्स्ड करून एक्सएलआरने पाठवतो. −10 डीबीव्ही म्हणजे सुमारे −8 डीबीयू. डीआयनंतर सुमारे −28 डीबीयू, म्हणजे तीस-एक मिलिव्होल्ट. मिक्सरवर ते वर आणायला माइक इनपुटवर 30 डीबीच्या आसपास गेन लागतो. अण्णांचा नॉब 10 ते 60 पर्यंत जातो, म्हणजे वरखाली दोन्हीकडे जागा राहिली. आधी तो शेवटाला टेकला होता, तीच खरी धोक्याची खूण होती. ज्या यंत्राचं आउटपुट चांगलं दणदणीत आहे त्यासाठी गेन शेवटपर्यंत लागत असेल, तर गेनकडे बघणं सोडून केबलकडे बघावं. पॅसिव्ह डीआयमधला ट्रान्सफॉर्मर फँटमचे 48 व्होल्टही अँपपर्यंत पोचू देत नाही, तो एक जास्तीचा फायदा.

होटगी रोडवरच्या मंगल कार्यालयात पहिल्यांदा ही जोडणी लावली तेव्हा लेव्हल बरोबर आली, पण हम आला. भारतातली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे हम 50 आणि 100 हर्ट्झवर घुमतो. बासवाल्याला वाटतं त्याचीच चूक आहे. अँप स्टेजवरच्या बोर्डातून चालत होता, मिक्सर मागच्या भिंतीतल्या प्लगातून. दोन वेगळ्या अर्थिंगमधून मल्टीच्या शिल्डवर करंट फिरत होता. डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबलं आणि हम गेला. तेवढ्यात कार्यालयाचा इलेक्ट्रिशियन स्क्रूड्रायव्हर घेऊन आला, "अर्थची पिन काढून टाकू का?" मांडवांत ही सवय फार आहे. गिटारवादकाच्या हातात लोखंडी तारा असतात आणि ओठांसमोर माइकची धातूची जाळी. अर्थची पिन काढलेली असताना अँपमध्ये बिघाड झाला, तर 230 व्होल्ट त्याच्या अंगातून वाट काढतील. सिग्नलची जमीन तोडायला बटण आहे. विजेची जमीन तोडायची नाही. इलेक्ट्रिशियनला अण्णांनीच परत पाठवलं.

लेव्हल लावायचा क्रम आम्ही असा ठेवला. अँपच्या आतली एकूण आउटपुट लेव्हल एकदा ठरवायची आणि टेप लावून विसरायची. मग सगळ्यात मोठा पॅच, सगळ्यात जोरात वाजवून, फेडर शून्याच्या खुणेवर ठेवून चॅनलचा गेन. मीटर शून्याच्या आसपास खेळावा, तार जोरात ओढली की वर जावा, पण लाल दिवा पेटू नये. क्लीन गिटारचा पहिला टणत्कार सरासरीपेक्षा 15 डीबी किंवा त्याहून वर जातो, त्याला जागा हवी. त्यानंतर कार्यक्रम संपेपर्यंत गेनला हात नाही, जे काय करायचं ते फेडरने. अण्णांना हे सांगायची गरज नव्हती, पण गिटारवादकाला होती, कारण तो दर गाण्यानंतर "थोडा गेन द्या की" म्हणायचा. गेन वाढवला की मॉनिटरला (कलाकारांकडे तोंड केलेल्या स्पीकरला) जाणारा आवाजही वाढतो, शिट्टी तिथूनच सुरू होते.

पॅच एकमेकांशी जुळवणं हे मात्र मिक्सरवर होत नाही. तिथे अण्णांचा पहिला आरोप थोडासा खरा निघाला. योग्य केबलवरही पॅच हेडफोनवर वाटले तेवढे सारखे नव्हते, आणि याला दोन कारणं. एक, कान. कमी आवाजात आपल्याला खर्ज आणि तार दोन्ही कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्ये हे मोजून वक्र काढले. रात्री घरच्यांना त्रास नको म्हणून हळू आवाजात बनवलेल्या पॅचमध्ये माणूस नकळत बास आणि ट्रेबल चढवतो, आणि हॉलमध्ये तोच पॅच ढब्ब आणि टोचरा होतो. दुसरं कारण मीटर. डिस्टॉर्शनने, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाडणाऱ्या इफेक्टने, लाटेचे शेंडे छाटले जातात, आवाज सपाट आणि भरीव होतो. त्यामुळे क्लीन आणि डिस्टॉर्शन दोघांचे शेंडे मीटरवर सारखे दिसले तरी डिस्टॉर्शन कानाला कितीतरी मोठं लागतं. पॅच जुळवताना डोळे मिटलेले बरे.

म्हणून जुळवणी केली ती हॉलमध्ये, ड्रम आणि बास चालू ठेवून, गिटारवादक स्टेजवर आणि अण्णा मिक्सरवर. क्लीन ऱ्हिदम हा पाया धरला. डिस्टॉर्शनची पॅच लेव्हल खाली आणली, सोलो ऱ्हिदमपेक्षा 3-4 डीबी वर ठेवला. हे सगळं पॅच लेव्हलच्या आकड्याने, ड्राइव्हच्या (आवाज किती फाटावा त्याच्या) नॉबने नाही. ड्राइव्ह कमी केला की आवाज हळू होण्याआधी त्याचा पोतच बदलतो. कॅबिनेटचं सिम्युलेशन (गिटार स्पीकरच्या पेटीच्या आवाजाची नक्कल) लाइन आउटवर चालू आहे ना तेही बघून घेतलं. ते बंद असेल तर थेट मिक्सरला गेलेली डिस्टॉर्शन गिटार माशी अडकल्यासारखी भणभणते, आणि अण्णांसारखा अनुभवी माणूसही ती इक्वलायझरने बसवू शकत नाही.

एक गोष्ट गिटारवादकाच्या मनासारखी झाली नाही. लाइन आउट मोनो आहे, त्यामुळे त्याचा डावी-उजवीकडे टोलवणारा डिले आता मधोमध येतो आणि कोरस पूर्वीइतका पसरत नाही. त्याने विचारलं, वाय केबल आणि दोन डीआय लावून स्टिरिओ नाही का करता येणार? करता येईल, पण अण्णांचे दोन्ही बाजूंचे टॉप स्पीकर मुळात मोनोच जोडलेले असतात. मंगल कार्यालयात अर्धे पाहुणे डाव्या स्पीकरखाली जेवत असतात आणि अर्धे उजव्या, स्टिरिओ ऐकायला मधोमध बसलेला माणूस बहुधा व्हिडिओवालाच. त्याला स्टिरिओ हवाच असेल तर तो घरी हेडफोनवर आहे. सध्या हेडफोनच्या जॅकवर अण्णांनी लाल टेप चिकटवला आहे आणि त्यावर जाड पेनाने ‘फक्त हेडफोन’ लिहिलंय.